जादा बाटली

ते साल दोन हजार बावीस होतं. कोरोनानं दोन वर्षं बंद पडलेलं सगळं त्या वर्षी पहिल्यांदा मोकळं झालं होतं. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला आर्यिका माताजी, आमच्या दिगंबर साध्वी, येऊन राहिल्या होत्या, आणि माताजींचा आहार आपल्या घरी व्हावा म्हणून गावातल्या जैनांच्या साठ घरांत चढाओढ लागली होती. आमचं गाव पलूसपासून चार मैलांवर. काळी जमीन, कृष्णेचं पाणी, ऊस आणि द्राक्षं. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते. आता चालताना काठी लागते, कालची भाजी आठवत नाही, पण त्या वर्षातला एकही दिवस मी विसरलेले नाही.

घरात आम्ही चौघं. मी गुणमाला, माझे मालक धन्यकुमार, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, मुलगा सम्मेद आणि सून सुंदरी. सुंदरी म्हसवडची, माणदेशातली. तिच्या वडिलांचं, जिनेंद्रांचं, तिथं सिद्धनाथाच्या देवळाजवळ किराणा दुकान. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी मीच तिला बस्तीत नेऊन नेम घ्यायला लावला. दूध, दही, तूप, तिन्ही बंद. "मांडीवर मूल येस्तोवर सोड," असं मीच म्हणाले होते.

माझ्या सासूनंही मला असे नेम घ्यायला लावले होते, पण ते महिन्याचे. शिवाय त्या काळी आमच्या गोठ्यात चार म्हशी होत्या. दह्याचं मडकं दोघींनी धरून उतरवावं लागायचं आणि ताक तर येईल त्या गड्याला तांब्यानं मिळायचं. आता एकच म्हैस. तिचं दूध सकाळी डेअरीला जातं, उरेल ते बाप्यांच्या चहाला. त्यामुळं सुंदरीनं दूध सोडलं तेव्हा घरात कुणाला काही कमी झाल्यासारखं वाटलंच नाही. दीड वर्ष ती वरण, भात, चपाती आणि दोडक्याच्या भाजीवर होती. त्यात त्या वर्षी जूनच्या शेवटी तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले.

ऑगस्टात येसूबाईची पिंकी आमच्या पडवीत आली. येसूबाई आमच्या द्राक्षबागेत तीस वर्षं कामाला होती. तिचे सासरे केरूबाबा छप्पन साली दीक्षा घेऊन बौद्ध झालेले. येसूबाईचा कप आमच्या पडवीच्या कोनाड्यात पालथा असायचा. चहा वरून ओतायचा, प्यायल्यावर तिनंच विसळून ठेवायचा. तसं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच कोनाड्यात तिच्या सासूची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, वाटी असायची.

पिंकी मात्र आल्या आल्या खुर्ची मागून घ्यायची. कऱ्हाडला शिकून बीएस्सी झालेली. पुण्याच्या एका संस्थेचा गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास चालला होता, मिरजेला त्यांचं ऑफिस होतं, आणि आमच्या भागातल्या बायका पिंकीकडं होत्या.

"एकीला पालक मानवतो आक्का, दुसरीला त्याच पालकातनं कायच मिळत न्हाई," ती सांगत होती. "ते रक्तातच लिवलेलं असतंय. म्हणून रक्त बी घ्यायचं, खाल्लेलं बी तपासायचं."

तिनं सुंदरीचं रक्त घेतलं, एका नळीत थुंकायला लावलं. मग एक छोटी बाटली काढली आणि तिच्यात काय भरायचं ते सांगितलं. सुंदरी तोंडाला पदर लावून हसायला लागली. अण्णा उठून बाहेर गेले.

"अगं बाई," मी म्हणाले, "शिकून शिकून ह्येच गोळा करायचं काम मिळालं व्हय तुला?"

"आक्का, वहीत माणसं खोटं लिवत्यात. कोण बदाम खाल्ले म्हणून लिवतंय, कोण बोंबील लपवतंय. पण खाल्लेल्याचा अंश पोटातनं जातोच की. ज्वारी म्हणा, शेपू म्हणा, त्याचं डीएनए शिल्लक ऱ्हातंय. पुण्याचं मशीन ते वळखतंय."

"म्हंजी मी हितं शेपू खाल्ला ते पुण्याला कळतंय?"

"दोन दिसांमागं खाल्ला आसला तरी."

सुंदरीचं हसू थांबलं होतं. ती म्हणाली, "पिंकी, ह्या खेपंला टिकावं म्हणून कायतरी कळंल न्हवं त्यातनं?"

"कळंल वैनी. ज्यांच्या खाण्यात कमी हाय त्यांना आमी जादा गोळ्या देणार हाय. तुमच्या हाताला मुंग्या येत्यात ते बी लिवलंय मी. पण बाटली दिली न्हाई तर नाव कटतंय, बघा."

सत्तेचाळीस नंबरची चिकटी लावलेल्या दोन बाटल्या तिनं ठेवल्या. एक सांडली-बिडली तर दुसरी जादाची.

बाटली द्यायची तारीख नेमकी दशलक्षण पर्वात, आमच्या भाद्रपदातल्या व्रताच्या दहा दिवसांत, आली, आणि त्याच दिवशी माताजींचा आहार आमच्या घरी होता.

आहाराचं घर म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. पहाटेपासून विहिरीचं पाणी गाळून ठेवायचं, धुऊन वाळवलेल्या गव्हाचं पीठ, ओलेत्यानं स्वयंपाक. माताजी ओंजळीत घेऊन जेवतात. जेवताना केस दिसला, मेलेली मुंगी दिसली, कुठं घाण नजरेस पडली तरी त्या ओंजळ सोडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. त्याला अंतराय म्हणतात. ज्या घरात अंतराय होतो त्या घराचं नाव बायका वर्षभर घेतात.

सकाळी सुंदरी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्ती, बाटली न्हाणीच्या फळीवर ठेवलीय, पिशवीत. बाराला पिंकी येईल. चार दिसांनी आज जमलंय बगा."

"आजच?"

"तारीख त्यांचीच हाय."

ती पूजेला बस्तीत गेली. मी चुलीपुढं बसले, पण माझं मन न्हाणीत. माताजींचे पाय धुवायला पाणी त्याच बाजूनं आणायचं होतं. शेवटी उठले, डाव्या हातानं ती पिशवी उचलली, परड्यात जाऊन उकिरड्यावर फेकली, आणि पुन्हा डोक्यावरून अंघोळ केली.

माताजी आल्या. दारात कलश घेऊन आम्ही उभे होतो. आहार निर्विघ्न झाला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. माताजींना पोचवायला सगळे बस्तीकडं गेले, सुंदरीही गेली, आणि रिकाम्या घरात मला तिचा चेहरा आठवला. कळंल न्हवं त्यातनं, असं विचारतानाचा. धावत परड्यात गेले. कुत्र्यानं पिशवी ओढून नेली होती.

अकरा वाजून गेले होते. सुंदरीच्या कपाटातनं मी जादाची बाटली काढली. गोठ्यात येसूबाई शेण भरत होती.

"येसू, एक काम हाय. कुणाला बोलायचं न्हाई."

"बोला की आक्का."

मी बाटली पुढं केली आणि सांगितलं. ती आधी हसायलाच लागली.

"माजं? आवं, म्हातारपणी काय भानामती करताय व्हय माझ्यावर?"

"चेष्टा नको. सुंदरीची सांडली. आता तुझी पोरगी येईल, आन सुंदरीचं नाव कटंल."

"पण त्यात वैनीचंच पायजे न्हवं? पिंकी सांगती, ज्येचं त्येलाच."

"घाण ती घाण, येसू. कुणाची का असंना. सगळ्यांची सारखीच की."

येसूबाईनं पाटी खाली ठेवली. "सारखीच व्हय?" ती म्हणाली. "मग कप तेवढा येगळा का म्हून वो आक्का?"

हसतच म्हणाली. मीही हसले. तिनं हात धुतले, बाटली पदराखाली घेतली. "वैनीसाठी करती हं," म्हणाली आणि आपल्या घराकडं गेली.

बारा वाजता पिंकी आली. तिनं हातमोजे घातले, माझ्याकडून बाटली घेतली, नंबर बघितला आणि थंड पेटीत ठेवली. येसूबाई गोठ्याच्या दारात उभी राहून आपल्या लेकीकडं बघत होती.

संध्याकाळी सुंदरीनं विचारलं, "आत्ती, दिली बाटली?"

"दिली."

ऑक्टोबरात बागेची छाटणी सुरू झाली. छाटलेल्या काड्यांचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना लगोलग औषधाची पेस्ट लावायची असते. ती हाताला पोळते. येसूबाईच्या टोळीतल्या बायकांची बोटं रबरी मोजे घालूनही सोलून निघत. सुंदरी ओळीच्या कडेला बसून काड्या गोळा करायची. एके दिवशी तिच्या हातातनं कात्री तीनदा पडली.

"कात्री हातात हाय का न्हाई तेच कळंना आत्ती," ती बोटं उघडझाप करत म्हणाली.

"सरकारी लोहाच्या गोळ्या घेतीस न्हवं?"

"घेती की. रोजच्या रोज."

त्याच आठवड्यात पिंकी पाकीट घेऊन आली. "बंद हाय. वैनींनीच उघडायचं," असं तिनं दोनदा सांगितलं आणि पुढच्या घरी गेली. अण्णांनी ते सुंदरीच्या हातातनं घेतलं. आमच्या घरात सुनांच्या नावची पत्रं बाप्येच उघडत आले. माझ्या माहेरची पत्रंसुद्धा सासरे आधी वाचायचे आणि त्यातलं मला सांगण्यासारखं तेवढं सांगायचे.

दुपारच्या सुट्टीची वेळ. येसूबाई पडवीत चहा पीत होती. सोप्यात सम्मेद, मी, दाराआड सुंदरी. अण्णांनी चष्मा लावून आतलं कार्ड मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"ज्वारी. बाजरी. तूर. घोळीची भाजी." ते थांबले. "लसूण." बाटली भरली ते पर्वाचे दिवस होते. "कांदा. बटाटा." पुढचं त्यांनी आधी मनात वाचलं. मग आवाज उतरला. "कोंबडी. बोंबील."

ते उठले, अंगणाच्या कडेला जाऊन थुंकले. परत आले आणि कार्ड पायानं लांब सारलं.

मी येसूबाईकडं बघितलं. तिनं कप तोंडाजवळ नेला होता तो तसाच धरला होता. तिच्या घरचं दोन वेळचं जेवण आमच्या सोप्यात पापांची यादी वाचावी तसं वाचलं गेलं होतं. तिनं उरलेला चहा मातीत ओतला, कप विसळला, कोनाड्यात पालथा घातला आणि बागेकडं चालू लागली.

"सुंदरी, हे काय?" सम्मेद म्हणाला.

"मी न्हाई खाल्लं वो. जिनदेवाची शप्पत. बस्तीत चला, माताजींपुढं सांगती."

"पिंकीच्या घरात जाऊन बसत होतीस न्हवं दुपारची?"

"बोलत बसत होते. पाणी बी पिले न्हाई, तुमी म्हणाला म्हणून."

ती माझ्याकडं बघायला लागली. मला एवढंच सुचलं, "मशीन हाय. चुकत आसंल."

"पुण्याचं मशीन चुकतंय आन तू बरोबर व्हय?" अण्णा म्हणाले. "तिचं ताट येगळं ठेवा आजपासनं."

मी सुंदरीचं ताट-वाटी उचललं. घरात दुसरी जागा नव्हती. पडवीतल्या कोनाड्यात येसूबाईच्या कपाशेजारी ठेवलं. माझ्या हातानं ठेवलं.

कार्डाच्या खाली छापलं होतं की आहारात प्राणिज पदार्थ पुरेसे असल्यामुळं जादा गोळ्यांची गरज नाही. ते मी संध्याकाळी, सगळे बाहेर गेल्यावर, कार्ड उचलून वाचलं. गोळ्या मिळणार होत्या त्या माझ्या सुनेला, आणि बाटलीनं ते नाव काढून टाकलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. उद्या बोलू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेस्टीच्या बायका आल्या, तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. लाज वाटणाऱ्या माणसाला कामं भरपूर सापडतात.

दिवाळी झाली. सुंदरीला पाचवा महिना लागला होता. अंगणातनं कळशी आणताना तिचा पाय जमिनीवर टेकलाच नाही, म्हणजे टेकला होता, पण तिला कळलं नाही. ती कळशीसकट कोसळली. पोटावर पडली नाही एवढंच नशीब. पिंकीनं फोन करून प्रकल्पाच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि आम्ही तिला मिरजेला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे मिटायला लावून पायाचं बोट वर-खाली केलं. "वर आहे की खाली?" सुंदरी प्रत्येक वेळी अंदाजानं सांगत होती. प्रत्येक वेळी चुकत होती.

"बी-बारा जीवनसत्त्व फारच कमी आहे," रक्ताचा कागद आल्यावर बाई म्हणाल्या. "नसांना त्याचीच गरज असते, बाळालाही. ते दुधात, अंड्यात, मांसात मिळतं. हिच्या कार्डावर तर कोंबडी, मासे आहेत. म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. ते पेशीत नेणारं जनुक बिघडलेलं असू शकतं. इंजेक्शनं आजच सुरू करते, पण जनुकाची तपासणी पुण्याला पाठवावी लागेल. असलं घराण्यात चालत येतं."

अण्णांनी त्यातला घराण्यात एवढाच शब्द उचलला. त्यांनी बाहेर येऊन म्हसवडला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी जिनेंद्र आले. दुकानातल्या पांढऱ्या टोपीवर गुळाचा डाग तसाच होता. दवाखान्याच्या बाकावर अण्णांनी त्यांना विचारलं, "तुमच्या घराण्यात आसलं काय हाय का? आमाला आधी सांगायला पायजे हुतं."

"आवं आमच्या सात पिढ्यांत कांदा शिजला न्हाई," जिनेंद्र म्हणाले. "आन तुमी म्हणताय माझी पोर कोंबडी खाती, वर रक्त बी नासकं. दोन्ही कसं वो? खाती म्हणून टाकायची, का लागत न्हाई म्हणून टाकायची?"

मी आणि सुंदरी त्याच बाकावर होतो. आमच्या दोघींच्या मध्ये चपात्यांचा डबा होता, तो मी मांडीवर घेऊन बसले. सुंदरी माझ्याकडं बघत होती की भिंतीकडं, ते मला सांगता येणार नाही, कारण मी वर बघितलंच नाही. जिनेंद्रांनी पोरीच्या चपला आणून तिच्या पायांत घातल्या. तिला घालता येत नव्हत्या. ते तिला म्हसवडला घेऊन गेले. जाताना म्हणाले, "बोलावणं यील तवाच धाडीन. न्हाई आलं तर न्हाई."

सम्मेद तीन आठवडे म्हसवडला गेला नाही. रोज बागेत फवारा मारायचा आणि घरी आला की जेवायचा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी येसूबाई दारात आली. काम नसलेला दिवस होता. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "बसा आक्का. च्या नको."

ती पडवीत खांबाला टेकून उभी राहिली. "पिंकीला घरात बसीवलंय. वैनीचं ते जनुक का काय तपासताना त्यास्नी घावलंय, रक्तातली बाई येगळी आन बाटलीतली बाई येगळी. म्हणत्यात, पिंकीनं घरात बसून बाटल्या भरल्या. समद्या बाटल्या परत तपासणार हायेत."

"तू सांगितलंस तिला?"

"न्हाई. तुमाला शब्द दिला हुता न्हवं. कार्ड वाचलं तवा बी गप बसले. मालक थुकले तवा बी." तिचा आवाज चढला नव्हता. "माजं खाणं मी कवा लपवलं न्हाई आक्का. सुकाट भाजलं तर गल्लीभर वास जातोय. तुमी मला लपवाय लावलं."

मी म्हणाले, "सम्मेदला गाडी काढाय सांगते."

"आज," ती म्हणाली. "उद्या न्हाई."

मिरजेच्या ऑफिसात आम्ही चौघं गेलो, मी, सम्मेद, येसूबाई आणि पिंकी. अण्णा आले नाहीत. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर सत्तेचाळीस नंबरचा कागद होता.

"बाटली चुकून बदलली," मी म्हणाले.

"चुकून म्हणजे कशी?"

इतकं सगळं झाल्यावरसुद्धा माझ्या तोंडातनं चुकून हाच शब्द आधी निघाला. येसूबाई भिंतीवरच्या धान्यांच्या चित्राकडं बघत होती. तिनं माझी सुटका केली नाही. मग मी सांगितलं. आहार, न्हाणीची फळी, उकिरडा, कुत्रं, गोठा. माझ्या सुनेनं माझ्या सांगण्यावरून दीड वर्ष दुधाचा थेंब घेतला नव्हता, तेही सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "दूधही नाही? मग जनुक कशाला शोधत बसलो आपण?" त्या म्हणाल्या. "हे आधी कळलं असतं तर सप्टेंबरातच गोळ्या सुरू झाल्या असत्या."

सम्मेद उठून बाहेर गेला. पिंकी आईकडं वळली. "आई, ती तुझी हुती? मी तुझीच पेटीत घालून..." ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. येसूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला सगळं लिहून सही करायला सांगितलं. माझी अक्षरं शाळेत वळणदार म्हणून नावाजलेली. त्या दिवशी नाव लिहितानाही ओळ सोडून गेली.

दुसऱ्या दिवशी विट्याहून मायणीमार्गे मी एकटीच म्हसवडला गेले. सम्मेद नेतो म्हणत होता, मी नको म्हणाले. तिकडं दुष्काळी माळ, बाभळी, मेंढरं. लग्न जमवायला याच वाटेनं आलो होतो तेव्हा मी अण्णांना म्हणाले होते, आसल्या मुलखातली पोर काटक आसंल.

सुंदरी दुकानामागच्या खोलीत बसली होती. पायांवर वाकळ. समोर पितळी पेल्यात दूध. माताजींच्या परवानगीनं तिच्या आईनं नेम सोडवला होता. मी उंबऱ्याच्या आत गेले नाही, तिथंच बसून सगळं सांगितलं.

तिनं पायांवरची वाकळ सारखी केली. मग म्हणाली, "माझी बाटली कुठं टाकलीसा?"

"उकिरड्यावर."

"चार दिस मी पोट चोळत हुते आत्ती, तारखंला जमावं म्हणून. म्हटलं, मी बोललेलं घरात कोण ऐकत न्हाई, मशीन तरी वाचंल." तिनं पेला उचलला. तिची बोटं त्याला नीट धरत नव्हती. दोन्ही हातांनी धरून ती दूध प्यायली. माझ्यासमोर पेला पूर्ण संपवला. "बास एवढंच. जावा तुमी. शेवटची यष्टी चारला हाय."

त्याला आता बरीच वर्षं होत आली.

पुढच्या मार्चात सुंदरीला मिरजेत मुलगी झाली. पावणेदोन किलोची. तिचं नाव ब्राह्मी. ती उशिरा बसायला लागली, उशिरा चालली, पण आता शाळेत जाते आणि बोलायला लागली की थांबत नाही. सुंदरी आमच्या घरी राहायला परत आली नाही. सम्मेदनं दोघींसाठी पलूसला दोन खोल्या घेतल्या, तिथनं तो बागेत ये-जा करतो. रविवारी ब्राह्मीला घेऊन येतो. सुंदरीच्या डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. सणाला ती येते, वाकून नमस्कार करते आणि स्वतःचा डबा आणते. अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि पहिली नात झाल्यावरही म्हसवडला फोन लावला नाही. अण्णा वारले तेव्हा जिनेंद्र आले होते. टोपी काढून उभे राहिले आणि न जेवता परत गेले.

येसूबाई बागेत येते. कोनाड्यातला कप मी काढून टाकला, आणि एकदा आमच्या कपबशीत चहा ओतून तिच्यापुढं धरला. "नको आक्का, घरनंच पिऊन आले," ती म्हणाली. तेव्हापासून ती रोज घरनंच पिऊन येते.

पिंकीला प्रकल्पानं परत घेतलं. आता तिच्या हाताखाली सहा मुली आहेत. यंदा त्यांनी म्हाताऱ्या बायकांचा अभ्यास काढला आहे. पिंकी आमच्या पडवीत आली, खुर्चीवर बसली आणि माझ्या नावाची बाटली पुढं ठेवली. या वेळी जादाची दिली नाही. ठरल्या दिवशी ती आली तेव्हा मी बाटली तिच्या हातात दिली. तिनं कागद उघडला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "ही तुमचीच हाय न्हवं आक्का? दुसऱ्या कुणाची न्हाई?"

"माझीच."

"हितं सही करा."

मला वाटलं, हे ती मलाच विचारतेय. सही करताना बघितलं तर तो प्रश्न कागदावर छापलेला होता. प्रत्येक गावात, प्रत्येक बाईला आता तो विचारतात.